गच्चीवरचं ताट

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

सकाळी सहाला उठलो. ऋचाचं वजन केलं, ६३.४ किलो. नाश्त्याला ज्वारीची एक लहान भाकरी आणि मुगाचं वरण. दुपारी दोन फुलके, दुधीची भाजी, काकडी, ताक. चार वाजता एक पेरू. शुभदाचे भाऊ वामनराव दुपारच्या बसने नेरला परत गेले. त्यांना पुसद स्टँडवर पोचवून आलो. घरात आता ऋचा आणि मी.

शुभदाला जाऊन सोळा दिवस झाले.

ऋचा काय खाते आणि वजन किती, हे रोज लिहा असं डॉ. शाल्मलींनी सांगितलं आहे. शुभदा लिहायची. तिची वही काढली, पण तिच्या अक्षराखाली माझं अक्षर काढवेना. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हाची एक कोरी डायरी होती, ती घेतली. जुन्या सालाची आहे. तारखा खोडून लिहितो.

स्वयंपाकघराची किल्ली माझ्या जानव्याला बांधली आहे. शुभदाच्या गळ्यात ती काळ्या दोऱ्यात असायची. दवाखान्यात नर्सने मंगळसूत्राबरोबर ती किल्लीही कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ही कशाची हो काका?" म्हणाली. मी ती खिशात टाकली. एवढं सगळं कुठे सांगत बसायचं.

इथे लिहायला हरकत नाही. ऋचा सव्वीस वर्षांची आहे. तिला प्रेडर-विली नावाचा जन्मजात आजार आहे. पंधराव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा नाही, एवढंच कारण. पोट भरलं हे तिच्या मेंदूला कधीच कळत नाही. जेवून हात धुतले तरी तिला सकाळपासून उपाशी असल्यासारखी भूक असते. शरीराला मात्र अन्न कमी लागतं, म्हणून खाल्लेलं सगळं अंगावर चढतं. उलटीही होत नाही. म्हणून कुलूप.

२१ ऑगस्ट, बुधवार

वजन ६३.६.

ते तेरा दिवस फार वाईट गेले. मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हणून गल्लीतून डबे येत होते. आमच्याकडे खायचं काही आणायचं नाही, हे गल्लीला वीस वर्षांपासून माहीत आहे. पण अशा वेळी रिकाम्या हाताने कसं यायचं, असं प्रत्येकाला वाटलं. शेजारचे शंकरसिंग पिठलं-भाताचा मोठा डबा ठेवून गेले. मी दारात कोणाशी तरी बोलत होतो, तेवढ्यात ऋचाने तो संपवला. सहा माणसांचा होता. पोट दुखतंय म्हणून ती रडत होती आणि रडताना विचारत होती, "अजून हाय का?"

तेराव्याला गुरुजी म्हणाले, वर्षभर जेवणाआधी एक घास कावळ्यासाठी ठेवा, बाईंना पोचतो. परवापासून सुरू केलं. भाकरीचा तुकडा आणि वरण एका ताटलीत घालून साडेबाराला गच्चीवर ठेवून येतो. परवा कावळा आला नाही. कालही नाही. आज संध्याकाळी पाहिलं तर ताटली साफ. बरं वाटलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

वजन ६३.९. नंदाबाई सकाळी आठला येते, अकराला स्वयंपाक आवरून जाते. ओटा पुसून, कुलूप लावून किल्ली माझ्या हातात देते. अकरा वर्षं आहे आमच्याकडे. ऋचाला ती छोरी म्हणते. ऋचाची सगळी बोली तिचीच. शाळेत शिकवलेली मराठी ऋचा फक्त अभिषेकशी फोनवर बोलते.

"बाबा, किल्ली हरपली त मंग?" आज विचारत होती.

"हरवणार नाही."

"हरपली त कुलूप तोडा लागीन ना?"

"हरवणार नाही म्हटलं."

"मी नुस्ती इचारून राह्यली."

आज ताटलीत काय ठेवावं याचा विचार करत होतो. शुभदाला काय आवडायचं हे मला आठवेना. चौतीस वर्षं संसार केला. शेवटी वामनरावांना फोन केला. ते हसले. मग म्हणाले, "भाऊजी, ती दरवर्षी एक दिवस एकटी यायची ना माहेरी, ती काय आम्हाला भेटायला यायची असं वाटलं तुम्हाला? दारातूनच ओरडायची, वहिनी, पुरण घातलं का? चार पोळ्या खायची. साजूक तूप वरून. मग खिडकीत बसून बासुंदी. आम्ही म्हणायचो, हळू. तर म्हणायची, पाचची बस आहे."

मला वाटायचं भावाची माया.

३ सप्टेंबर, मंगळवार

ऋचा आता स्वतःहून गच्चीवर जाते. वाळलेले कपडे आणायचं काम शुभदाने तिला लावून दिलं होतं, जिना चढणं व्हावं म्हणून. आधी दहा वेळा सांगावं लागे. आता न सांगता जाते, आणि एक एक कपडा आणते. आज चार फेऱ्या झाल्या. आई गेल्यापासून पोर शहाणी झाली.

७ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. आमच्याकडे यंदा नाही.

ऋचा जन्मली तेव्हा ओल्या फडक्यासारखी होती. रडायची नाही, ओढायची नाही. शुभदा वाटीत दूध काढून कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात थेंब थेंब सोडायची. एका वाटीला दीड तास. मी कचेरीतून आलो की मी बसायचो. त्या दोन वर्षांत आम्ही देवाकडे एकच मागितलं, हिला भूक लागू दे.

अडीच वर्षांची असताना ती माझ्या ताटाकडे बोट दाखवून "पोई" म्हणाली. अर्धी पोळी खाल्ली. त्या संध्याकाळी मी गल्लीत पेढे वाटले. शंकरसिंगची आई होती तेव्हा, तिने ऋचाच्या गालाला हात लावून कडाकडा बोटं मोडली. पुढची तीन वर्षं ज्याच्या त्याच्या घरी ऋचाचं कौतुक. कशी खाते बघा. सहाव्या वर्षी नागपूरला तपासणी झाली तेव्हा कळलं.

तेव्हापासून घरात गोड नाही, तळण नाही, फराळ नाही. ऋचाला नाही तर कोणालाच नाही, असं शुभदाने ठरवलं. मी हो म्हटलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

वजन ६४.८. कारण कळत नाही. नंदाबाईला विचारलं, तेल जास्त पडतं का? "बाईनं देलेला चमचाच वापरून राह्यली मी, सायेब," म्हणाली.

आज मिठाईच्या दुकानातून दोन पुरणपोळ्या आणल्या. घरात आणल्या नाहीत. ऋचाला वास भिंतीतून येतो. स्कूटरच्या डिक्कीत ठेवल्या आणि साडेबाराला टॉवेलखाली झाकून वर नेल्या. त्या वेळी ती जिगसॉ जुळवत बसलेली असते. पाचशे तुकड्यांचं चित्र ती पालथं, पाठच्या कोऱ्या बाजूने जुळवते. चित्र दिसलं की सोपं होतं म्हणते.

पोळ्यांवर तूपही सोडलं. घरातली ताटली लहान पडली म्हणून आता ताट घेतलं आहे.

तीन वाजता गेलो. तुपाचा डागसुद्धा नव्हता. गच्चीच्या कठड्यावर एक कावळा बसला होता. मी त्याला हात जोडले. कोणी पाहिलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

वजन ६५.५.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. घरात काही नाही असं ठरलं तेव्हा मी हो म्हटलं, पण कचेरीसमोर गाडी होती. रोज साडेतीनला दोन समोसे, कधी कचोरी. निवृत्त होईपर्यंत. घरी येताना तोंड धुवायचो, बडीशेप खायचो. शर्टाच्या खिशाला तेल लागायचं. शर्ट शुभदाच धुवायची. तिने कधीच काही विचारलं नाही. फक्त संध्याकाळी माझ्या ताटात एक फुलका कमी वाढायची. मी कधी मागितला नाही.

आज ताटात समोसाही ठेवला. तिला आवडायचा की नाही माहीत नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

डॉ. शाल्मलींकडे जाऊन आलो. वजन ६६.१. त्यांनी विचारलं, "काका, व्यायाम बंद झाला का हिचा?" मी सांगितलं, उलट जिना दिवसातून सहा-सहा वेळा चढते. "मग हिला कुठून तरी मिळतंय. शोधा," म्हणाल्या. झोपेत हिचा श्वास मध्येच थांबतो, तो पूर्वी थोडा थांबायचा, आता जास्त थांबतो. सत्तरच्या पुढे गेली तर मोठी जोखीम आहे.

घरी येऊन कपाटं पाहिली. गादीखाली, मोरीत, जुन्या पुस्तकांच्या मागे. ऋचा माझ्यामागे फिरत होती.

"काय शोधून राह्यले बाबा?"

"खायचं."

"भेटलं त मले सांगजा."

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. अभिषेक पुण्याहून आला. ऋचापेक्षा चार वर्षांनी मोठा. आल्या आल्या तिच्या वजनाचा काटा पाहिला. ६६.९.

जेवल्यावर ऋचा आडवी झाली तेव्हा त्याने फोनवर एक जागा दाखवली. पुण्याजवळ. अशा मुलांना सांभाळणारी. बाग आहे, चोवीस तास माणसं आहेत, स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत.

"आई होती तोवर मी बोललो नाही," तो म्हणाला. "तुम्ही सदुसष्टचे आहात बाबा. तुमच्यानंतर माझ्याकडेच यायची आहे ती. निदान जिवंत यावी."

"मी सांभाळतोय."

"साडेतीन किलो वाढलंय. सांभाळताय?"

त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "दहाव्या वर्षानंतर मी माझ्या वाढदिवसाचा केक एकदाही घरी कापला नाही. शंकरकाकांकडे कापायचो आणि तोंड धुऊन घरी यायचो. मी तक्रार नाही करत आहे. पण हे घर कसं चालायचं ते मला माहीत आहे. आई एक मिनिट डोळा लावत नसे."

ठरलं ते असं. वजन सत्तरवर गेलं तर तो तिला घेऊन जाणार. मी हो म्हटलं. त्याला सोडायला स्टँडवर गेलो. बस सुटताना त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, लहानपणी शाळेच्या सहलीला जाताना काढायचा तसाच.

तोंड धुऊन तो घरी यायचा. मला हे माहीत नव्हतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

वजन ६७.४. आज नंदाबाईला काढलं.

घरात माझ्याशिवाय किल्ली तिच्याच हातात असते. दुसरं कोणी येत नाही. मी सरळ विचारलं नाही, फिरवून विचारलं. तिने लाटणं खाली ठेवलं.

"म्हंजे मी चारून राह्यली छोरीले, असं म्हनता तुमी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हनलं. मोठ्या मानसाइचं असंच असते, म्हनत बी नाही आन म्हनून बी टाकते." तिने पदराला हात पुसले. "अकरा वर्सं झाले. बाई तापानं पडली होती तवा तिनं गळ्यातून किल्ली काढून माह्या हातात देली. काही बोलली नाही, नुस्ती देली. आन तुमी इचारता."

मी म्हटलं, काही दिवस मीच करून बघतो स्वयंपाक.

"करा." दारात थांबली. "छोरीले मी काहून मारीन, सायेब? मले सांगा एकडाव."

शंकरसिंगांनी संध्याकाळी विचारलं, बाई का दिसली नाही? मी म्हटलं, तीच ऋचाला खायला द्यायची बहुतेक. ते म्हणाले, "कोणाचा काही भरवसा राह्यला नाही भाऊ." मला ते ऐकून हलकं वाटलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. पणती लावली नाही. वजन ६८.३. नंदाबाई जाऊन अकरा दिवस झाले, तरी वाढतंच आहे. माझाच स्वयंपाक चुकत असेल. भाजीला तेल घालणं बंद केलं. ऋचाने चव पाहून विचारलं, "बाबा, हे काय हाय?" भोपळा होता.

शुभदाने वीस दिवाळ्या फराळाशिवाय काढल्या. आज मी ताटात करंज्या, चकली, अनारसे, चिवडा, लाडू असं सगळं ठेवलं. वर नेताना हात भरून आला. चार वाजता ताट धुतल्यासारखं होतं. मला वाटलं, ती तृप्त झाली.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी वजन ६९.१.

आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. वाटीभर बासुंदी आणि चार पोळ्या आणल्या. इतके दिवस ताट ठेवून लगेच खाली येत होतो, कावळा बुजतो म्हणून. आज वाटलं की तिला खाताना पाहावं. तिला म्हणजे कावळ्याला. पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो.

पाचेक मिनिटांनी एक कावळा आला. कठड्यावर बसून मान वाकडी करून पाहू लागला. मी श्वास धरला होता.

मग जिन्यावर पावलं वाजली. ऋचा आली. दार हळूच लोटून घेतलं. कावळ्याला "हाड" केलं. तो उडाला. दोरीवरून एक टॉवेल काढून खांद्यावर टाकला, नळावर हात धुतले आणि ताटासमोर मांडी घालून बसली.

"आई, आज बासुंदी हाय वं," म्हणाली.

मी उठायला हवं होतं. मी उठलो नाही.

घरी ती कशी जेवते ते मी रोज पाहतो. दहा मिनिटांत संपवते आणि मग रिकाम्या ताटाकडे बघत बसते. इथे तिला घाई नव्हती. पोळीचा तुकडा मोडायची, बासुंदीत बुडवायची, मध्येच थांबून शंकरसिंगांच्या शेवग्याकडे बघायची. एकदा काहीतरी आठवून हसली. सव्वीस वर्षांत तिला असं निवांत जेवताना मी पाहिलं नव्हतं. शुभदानेही पाहिलं नसेल. मला क्षणभर आनंद झाला हे खरं आहे, लिहून ठेवतो.

तिने ताट चाटलं, वाटी चाटली, दोन्ही नळाखाली धुऊन पुसून जागच्या जागी ठेवलं आणि टॉवेल घेऊन खाली गेली. मी टाकीमागून बाहेर आलो, ताट उचलून पाहिलं.

ऐंशी दिवस मीच तिला भरवत होतो.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी बोललो. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. ओरडलो नाही.

"गच्चीवरचं ताट तू खातेस?"

तिने जिगसॉचा एक तुकडा फिरवून बसवला. "हो."

"केव्हापासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. पह्यल्या दिवशी मी कावळ्याची लय वाट पाह्यली बाबा. तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही. मुंग्या लागल्या होत्या. आई काय मुंग्याइचं उष्टं खाईन? ते उपाशी राहीन ना. म्हनून मी खाल्लं. तिच्या नावानं खाल्लं."

"काल तर कावळा आला होता. तू हाकललास."

ती थांबली. मग म्हणाली, "तो दुसराच होता."

मला हसू आलं आणि ते आवरेना. ती पण हसायला लागली. मग मी आत जाऊन तोंड धुतलं.

ती खरं सांगत होती की बनवून, मला कळलं नाही. तिला खाण्यासाठी फार चांगल्या गोष्टी रचता येतात, हे शुभदाने मला अनेकदा सांगितलं होतं. शुभदाला कळलं असतं. तिला ऋचाच्या मानेवरून कळायचं.

साडेबाराला ताट ठेवलं नाही. ती वर जाऊन आली. खाली येऊन म्हणाली, "आज आईले काहीच नाही?"

"नाही. आता नाही ठेवणार."

दोन तास रडली, हातावरची जुनी खपली खाजवून रक्त काढलं. मी शेजारी बसून राहिलो. कापसाचा बोळा ठेवून पट्टी बांधली. साडेचारला पेरू दिला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शंकरसिंगांना ऋचाजवळ बसवून नंदाबाईच्या तांड्यावर गेलो. ऑटोने वीस मिनिटं. इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. तिचा नवरा उत्तमसिंग दारात खाटेवर बसला होता. त्याने उठून मला जागा दिली आणि आत आवाज दिला. ती कपाशी वेचायला जायच्या तयारीत होती, कमरेला ओटी बांधलेली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. ताट, पुरणपोळ्या, टाकी, सगळं. ती ऐकत होती. कावळ्यापर्यंत आलो तसा तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"म्हंजे कावळा सा किलोनं जाडा झाला म्हना की!"

उत्तमसिंगही हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "परत ये."

तिचं हसू गेलं. "गल्लीत काय सांगलं तुमी? शंकरसिंगच्या घरी काय सांगलं? मले बजारात त्याची सून भेटली, ते माह्याशी बोलली नाही. मी बाकीचे दोन घरं धरले होते तुमच्या गल्लीत, ते बी सुटले."

हे मला माहीत नव्हतं.

"आंदी त्याइले सांगा. आन अभिषेकले सांगा. डाक्टरीनबाईले बी. समद्याइले तुमच्या तोंडानं. मंग मी पाह्यतो यायचं का नाही ते."

"अभिषेकला सांगितलं तर तो तिला घेऊन जाईल."

"जाईन." तिने ओटीची गाठ घट्ट केली. "मंग मले चोट्टी म्हनून ठेवता काय तुमी? छोरी तुमची राहावं म्हनून?"

उत्तमसिंगने चहा आणला. प्यायलो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी शंकरसिंगांना सांगितलं. मग गल्लीतल्या पाटलांना, मग कोपऱ्यावरच्या दोन घरी. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगावं लागलं. मी एवढं सलग कधी बोललो नव्हतो. शंकरसिंगांची सून म्हणाली, "काका, मी उद्या जाते तिच्याकडे." डॉक्टरांना दवाखान्यात जाऊन सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं कळलं."

अभिषेकला दुपारी फोन केला. सगळं सांगितलं. फोन लागला आहे ना, असं मी विचारलं.

"म्हणजे तुम्हीच," तो म्हणाला.

"हो."

"मी ऋचाला फोनवर रागावत होतो. चोरी करतेस म्हणून."

"माहीत आहे."

"आईला काय आवडायचं म्हणालात?"

मी सांगितलं. पुरणपोळी, बासुंदी. माहेरचा एक दिवस. त्याला आईने एकदा सोबत नेलं होतं म्हणे, तो बारा वर्षांचा असताना, आणि घरी सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. एवढी वर्षं त्याने ती पाळली.

शेवटी म्हणाला, "फॉर्म भरून ठेवलाय मी. पाठवत नाही सध्या. जानेवारी संपेपर्यंत बघू. वाढलं तर मात्र विचारणार नाही बाबा."

१८ नोव्हेंबर, सोमवार

वजन ६९.३. नंदाबाई आली. आठला पाच मिनिटं कमी होती. मी जानव्याची किल्ली सोडून तिच्यासमोर धरली. तिने भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले, मग घेतली. ऋचा तिला मिठी मारून म्हणाली, "नंदाबाई, बाबाच्या हातचं खाऊन खाऊन मी वाळली."

"दिसून राह्यलं मले," नंदाबाई म्हणाली.

१५ डिसेंबर, रविवार

वजन ६८. दोघं रोज सकाळी धरणाच्या रस्त्याने चालायला जातो. जाताना ती पुढे, येताना मी पुढे. कारण येईपर्यंत वाटेतली भजीची गाडी सुरू झालेली असते.

ऋचा अजूनही साडेबाराला माझ्याकडे बघते. मीही घड्याळाकडे बघतो. त्या वेळी हात रिकामे वाटतात. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, गाईला द्या. त्यांना हो म्हटलं, पण अजून दिलेलं नाही. शुभदाला ते पोचत होतं की नाही, मला माहीत नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत रोज दुकानात उभं राहून तिच्यासाठी काय घ्यावं, असा विचार करायचो. लग्नानंतर तसा कधी केला नव्हता.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. गल्लीतून कोणी तिळगूळ घेऊन आलं नाही. शंकरसिंगांची सून रिकाम्या हाताने आली, ऋचाला बांगड्या भरून गेली. वजन ६६.९.

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांच्या काट्यावर ६६.०. झोपेतला श्वासही थोडा सुधारला आहे. त्या ऋचाला म्हणाल्या, "छान केलंस." ऋचा म्हणाली, "मी काय केलं? मले देऊनच नाही राह्यले हे."

दवाखान्याच्या पायरीवरूनच अभिषेकला फोन केला. आकडा सांगितला. त्याने दोनदा विचारला.

"ठीक आहे," म्हणाला. "राहू दे तिला तिथे." मग म्हणाला, "जूनमध्ये पुन्हा बोलू. मी फॉर्म फाडत नाही आहे."

"नको फाडूस," मी म्हटलं. खरंच तसं वाटलं मला. माझ्यानंतर तो लागेल.

फोन ऋचाने घेतला आणि त्याला शुद्ध मराठीत सांगितलं, "दादा, मी खूप बारीक झाले आहे. तू मला बघायला ये."

२ फेब्रुवारी, रविवार

नंदाबाईची सुट्टी. सकाळी चालून आलो. नाश्त्याला भाकरी आणि वरण. दुपारी दोन फुलके, मेथी, ताक.

ऋचाचा निळा कुर्ता अंगात ढगळ झाला आहे. चालताना खांद्यावरून घसरत होता. ती जेवून झोपली तशी मी शुभदाच्या शिलाईचा डबा काढला. बाजारात शिवायला देता आला असता, पण रविवारी टेलर बंद. दोन्ही बाजूंची शिवण ब्लेडने उसवली. पेन्सिलीने अर्धा अर्धा इंच आत खूण केली. निळा दोरा नव्हता, काळा घेतला. चष्मा लावूनही सुईत दोरा जाईना. उजेडासाठी खिडकीत सरकलो. चौथ्यांदा गेला. गाठ मारली, कुर्ता उलटा केला आणि काखेपासून खाली टाके घालायला लागलो.